फेसाचा माग

लग्नानंतरची कितीतरी वर्षं माझ्या सासूबाई रत्नागिरीच्या मांडवीतल्या शेजारणींना सांगायच्या, "आमची सून पाणीखात्यात आहे." ते खोटं नव्हतं. फक्त माझं पाणी नळातून येणारं नव्हतं, मोरीतून गेलेलं होतं. खरं कळल्यावर लोक आधी "अरे वा" म्हणायचे आणि मग हळूच चहाचा कप थोडा लांब सरकवायचे. याची मला सवय झाली होती. काहीजण विचारायचे, "वास येत नाही का हो?" येतो. पण महिनाभरात नाक शहाणं होतं. कुठला वास रोजचा आणि कुठला वास बिघाडाचा, एवढंच ते मग सांगतं.

रत्नागिरीबाहेरच्या सड्यावर एका सरकारी प्रकल्पाची वसाहत होती. चोहीकडे उघडा कातळ, मधे पिवळ्या रंगाच्या चाळी आणि उताराच्या टोकाला आमचं मैलापाणी शुद्ध करणारं छोटं केंद्र. ऐंशीच्या दशकात रसायनशास्त्राची बी.एस्सी. होऊन मी तिथे प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. नेमणूक तात्पुरती, दर सहा महिन्यांनी वाढवून मिळणारी. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक ओटा, काचेची मोजकी भांडी आणि एक तराजू, जो वारा सुटला की स्वतःच्या मनाने वजन करायचा.

बाहेरच्या माणसाला वाटतं की आम्ही घाण पाण्यात औषध ओततो आणि पाणी स्वच्छ होतं. तसं नसतं. खरं काम जंतू करतात. एका मोठ्या टाकीत मैलापाणी येतं, वरून मोटरवरचा पंखा ते घुसळत राहतो, त्या हवेवर जंतू जगतात आणि घाण खातात. ते खाऊन वाढले की त्यांचा तपकिरी गाळ होतो. पुढच्या शांत टाकीत तो गाळ खाली बसतो आणि वरचं निवळ पाणी बाहेर पडतं. बसलेला गाळ परत पहिल्या टाकीत सोडायचा, कारण तेच आमचे कामगार. फार झाला तर थोडा काढून वाळवायचा, त्याचं खत होतं. म्हणजे आम्ही नुसते वाढपी. जेवणारे वेगळेच.

केंद्राचे ऑपरेटर गंगाराम तात्या. शिक्षण सहावीपर्यंत, पण टाकीच्या रंगावरून ते जे सांगत ते माझ्या कागदावर दुसऱ्या दिवशी येई. "बाई, चहात दूध जास्ती झालंय," असं ते म्हणाले की समजायचं, गाळ पातळ झाला.

त्या वर्षी डिसेंबरात तात्यांनी मला सकाळी फाटकातच गाठलं. म्हणाले, "बाई, टाकीला दाढी आली."

पाहिलं तर टाकीभर पांढरा फेस. पहिल्या दिवशी गंमत वाटली. आठवड्याभरात फेस टाकीच्या कठड्यावर चढला. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की त्याचे गोळे उडायचे. एकदा आमच्या उपअभियंत्यांच्या, देवरुखकर साहेबांच्या, जीपच्या काचेवर एक गोळा येऊन बसला. साहेब हसले नाहीत. कारण तोवर फेस खाली पऱ्यापर्यंत पोचला होता.

आमचं निवळलेलं पाणी ज्या ओढ्यात पडायचं त्याला तिथे पऱ्या म्हणतात. पावसाळ्यात तो धो धो वाहतो आणि पौष-माघात जवळजवळ सुकतो. आमच्या पाण्यामुळे मात्र खालच्या वाडीपर्यंत एक धार राहायची. त्या धारेवर हलिमाखालांचं वायंगण होतं, म्हणजे थंडी-उन्हाळ्यात ओढ्याच्या पाण्यावर घेतलेलं भात. दोन मुलगे आखातात, सुना मुंबईत. खाला साठीच्या पुढच्या, एकट्या. शेताची चिंचोळी पट्टी त्या स्वतः करायच्या.

एके दिवशी त्या चढण चढून थेट माझ्या खोलीत आल्या. डोक्यावर पदर, हातात तांब्याची कळशी. मला काही विचारायच्या आत त्यांनी ती कळशी ओट्यावरच्या घमेल्यात उंचावरून ओतली. घमेल्यात फेस उभा राहिला.

"हे काय सोडलात गो तुमी पऱ्यात?" त्या म्हणाल्या. "दूध उतू गेल्यासारखा येतो. गुरां तोंड लावीत नाय. माजा रोप तयार होतंय, त्याला हेच पाणी देऊ काय?"

मी म्हटलं, "खाला, तो साबणाचा फेस आहे. आम्ही बघतो."

"बगता काय? बंद करा. नायतर आमी तोंडात दगड घालू." तोंड म्हणजे आमच्या पाइपाचं तोंड.

ते दगड खरंच घातले असते तर पाणी उलटं चढून सगळ्यात खालच्या चाळीतल्या मोऱ्यांतून वर आलं असतं. साहेबांना हे सांगितलं. त्यांनी वरच्या कार्यालयाला फोन लावला. तिकडून कुणीतरी सांगितलं, टाकीवर थोडं डिझेल शिंपडा, फेस बसतो. साहेबांनी मला विचारलं, "चालेल ना?"

इथे मी जरा थांबते, कारण हे लिहायला अजून जड जातं. मी केमिस्ट होते. तेल पाण्यावर तवंग धरतं, टाकीतून पुढे जातं, हे मला ठाऊक होतं. पण नेमणूक महिन्याभरात संपत होती, साहेब उभे होते आणि फेस डोळ्यांसमोर वाढत होता. मी "चालेल" म्हटलं आणि वहीत सही केली.  तात्या डबा घेऊन कठड्यावर गेले आणि त्यांनी शिंपडलं. फेस तवा उतरल्यावर पोळी बसते तसा बसला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी त्या संध्याकाळी घरी जाताना चक्क गुणगुणत होते.

आम्ही ते चार दिवस केलं. पाचव्या दिवशी तात्या म्हणाले, "बाई, एकदा खाली जाऊन बगूया."

पऱ्यावर इंद्रधनुष्याच्या रंगांचा पातळ पडदा होता. खालांनी रोपाला पाणी दिलं होतं. वाफ्यात तळहाताएवढी वाढलेली रोपं, शेंड्यापासून निम्मी पिवळी, काही बुंध्याशी काळी. खाला बांधावर बसून होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काय झाला गो ह्यांना?" त्यांनी मला विचारलं. डॉक्टरला विचारावं तसं.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं असतं, थंडीने झालं म्हणाले असते, हे मला तेव्हाही कळलं. मी म्हटलं, "खाला, हे माझ्यामुळे झालं. फेस बसावा म्हणून आम्ही डिझेल टाकलं. सही माझी आहे."

त्यांनी एक रोप उपटून त्याचा बुंधा बघितला. मग त्यांनी विचारलं, "तुजा नाव काय?"

"विद्या."

"विद्या," त्यांनी म्हणून पाहिलं. "पुढच्या जुम्म्यापर्यंत फेस नाय थांबला, तर दगड मी घालीन. वाडीला नाय सांगनार. मी एकटीच घालीन."

सड्यावर परत येईपर्यंत माझं ठरलं होतं. डिझेल बंद. फेस दाबायचा नाही, तो येतो कुठून ते शोधायचं. साहेबांना तसं सांगितलं. ते चिडले, पण खालचं रोप जळल्याचं ऐकल्यावर खुर्चीत बसले. म्हणाले, "ठीक आहे. जुम्म्यापर्यंत. तोपर्यंत टाकीवर पाण्याचा फवारा मारा."

आता थोडं धंद्यातलं सांगायला हवं. आपल्या आयांचा साबण तेल आणि खारापासून झालेला. तो पाण्यात गेला की जंतू त्याचा फन्ना उडवतात. त्या वर्षांत घरोघरी वड्यांच्या जागी धुण्याची पावडर आली होती. तिच्यातलं मुख्य रसायन म्हणजे कणांची एक लांब साखळी. ती सरळ असेल तर जंतू टोकापासून कुरतडत ती संपवतात, शेवग्याची शेंग चोखावी तशी. पण तिला मधे मधे फांद्या असतील तर जंतूंना दात लावायला जागाच मिळत नाही. ती पावडर मोरीतून टाकीत, टाकीतून पऱ्यात, जशीच्या तशी फेस काढत जाते. तेव्हा बाजारात दोन्ही जातींची पावडर मिळत होती आणि पाकिटावर काही लिहिलेलं नसे.

कुठली पावडर कुठल्या जातीची, हे ओळखायचं रसायन मागवायचं तर पुण्याहून यायला महिना. मग मी एक घरगुती युक्ती केली. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घेतल्या. प्रत्येकीत आमच्याच टाकीतला गाळ आणि पाणी, आणि त्यात एकेका घरची चिमूटभर पावडर. एका बरणीत तुलनेसाठी पावडर घातलीच नाही. हवा द्यायला साहेबांच्या दिवाणखान्यातल्या माशांच्या पेटीचा पंप मागून आणला. साहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "मासे मेले तर?" मी म्हटलं, "पेटीतलं पाणी दिवसातून दोनदा तांब्याने वरखाली करा." त्यांनी ते मनोभावे केलं. एकही मासा मेला नाही, हे मुद्दाम सांगते.

पावडर गोळा करायला मी चाळीचाळीत फिरले. मैलापाण्याची बाई दारात पाहून लोकांना वाटायचं, तक्रार आणली. एका बाईंनी दार अर्धंच उघडून सांगितलं, "आमच्याकडे कुणी काही टाकत नाही हो." दुसरीचा भाऊ कुवेतला होता. तिने परदेशी पावडरीचा पत्र्याचा डबा कपाटातून काढला, झाकण उघडून मला आधी वास घ्यायला लावला आणि मग अत्तर द्यावं तशी नखाएवढी पावडर कागदावर दिली. एका निवृत्तीला आलेल्या हेडक्लार्कनी ठणकावून सांगितलं की त्यांच्या घरी आजही रिठेच वापरतात. त्यांची बायको मागून खुणेने मला पाकीट दाखवत होती.

आणि चार-पाच घरी एकच उत्तर मिळालं, "आम्ही कुसुमताईंची घेतो. काय फेस येतो म्हणून सांगू!" एकीने तिची पुडी दिली.

बरण्यांची चाचणी तीन दिवस चालली. रोज सकाळी मी पंप थांबवून एकेक बरणी हलवून बघायची आणि तात्या मागे उभे राहून बघायचे. दुसऱ्या दिवसापासून बहुतेक बरण्यांतला फेस विरत चालला. कुवेतची पावडरही जंतूंनी गपागप खाल्ली. तिसऱ्या दिवशी एकाच बरणीत, हलवताच, फेस झाकणापर्यंत आला. ती कुसुमताईंची.

तात्या म्हणाले, "म्हणूनच बेस्तरवारी जास्ती येतो. बुधवारी ती पावडर करते. तपेली रातच्याला नाय, सकाळी धुते."

कुसुमताईंना मी तोंडओळखीने ओळखत होते. त्यांचे यजमान वसाहतीत लाइनमन. खांबावरून पडून पाठीला मार बसला, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेले, रजा संपत आलेली. घर चालवायला त्यांनी पावडर करायला घेतली होती. वसाहतीच्या खोलीत धंदा करायला मनाई होती. साहेबांकडे नाव गेलं तर खोली खाली करावी लागली असती. आणि मला शुक्रवारच्या आत उत्तर द्यायचं होतं.

मी आधी त्यांच्याकडेच गेले. दार उघडं होतं. यजमान भिंतीला टेकून पिशव्यांना गाठी मारत होते. मोरीत कुसुमताई नाकाला फडकं बांधून बुधवारच्या खेपेसाठी तपेल्यात सोडा चाळून ठेवत होत्या. त्यांच्या बोटांची सालं निघाली होती. मी सगळं सांगितलं, बरणीसुद्धा दाखवली.

त्या ताठ उभ्या राहिल्या. "म्हणजे सगळ्या वसाहतीचं धुणं माझ्याच मोरीतून जातं होय? बाकीच्यांच्या मोऱ्या कोरड्या?"

"तसं नाही म्हणत मी."

"बायका माझी पावडर घेतात ती फेसासाठी. तो गेला तर माझ्याकडे कोण येईल? ह्यांच्याकडे बघा आणि बोला."

 तेव्हा त्यांचे यजमान म्हणाले, "कुसुम, बाईंनी साहेबांकडे न जाता आपल्याकडे येऊन सांगितलंय. ऐकून तरी घे."

मग मी खाली बसले आणि दुसरी गोष्ट सांगितली. खालांच्या रोपाची. डिझेलची, माझ्या सहीची. त्यात माझी चूक होती तेवढी सगळी सांगितली. कुसुमताईंनी नाकावरचं फडकं सोडलं. "ती म्हातारी? शनिवारी मच्छी घेताना भेटते ती? रोप सगळं गेलं?"

"निम्म्याच्या वर."

त्या मोरीच्या कट्ट्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "दुकानदाराकडे पावडरीत घालायच्या काळ्या पातळ रसायनाचे दोन कॅन असतात. मी स्वस्तातला घेते. दुसऱ्याला फेस कमी."

दुसऱ्या कॅनमधला नमुना त्यांनी त्याच दिवशी आणला. मी तो बरणीत घातला आणि एका दिवसातच फेस बसायला लागला. आता प्रश्न उरला गिऱ्हाइकांचा. त्यावर मला एकच सुचलं. बुधवारी दुपारी कुसुमताईंच्या चाळीच्या अंगणात दोन बादल्या ठेवल्या. एकीत जुनी पावडर, दुसरीत नवी, आणि दोन्हींत तात्यांचे पंपाच्या ग्रीसने माखलेले दोन सारखे शर्ट. बायका गोळा झाल्या. पहिल्या बादलीत फेसाचा डोंगर, दुसरीत जेमतेम साय. धुऊन, पिळून दोन्ही दोरीवर घातले, तेव्हा कुठला कुठल्या बादलीतला ते कुणाला सांगता येईना. तात्यांनाही येईना. हेडक्लार्कांची बायको म्हणाली, "आणि ही दोन पाण्यातच निघाली. पहिलीला खळबळायला चार बादल्या लागल्या." पाणी भरण्याची पाळी असलेल्या वसाहतीत ह्या एका वाक्याने जे काम केलं ते माझ्या दहा बरण्यांनी केलं नसतं.

तपेल्यांच्या धुवणाचंही ठरलं. ते मोरीत न ओतता पुढच्या खेपेच्या मिश्रणात घालायचं.

साहेबांना मी गुरुवारी अहवाल दिला. त्यात लिहिलं की वसाहतीत वापरात असलेली एक पावडर जंतूंना न पचणारी होती, ती बदलली आहे. आणि दुसरी गोष्टही लिहिली, जी तितकीच खरी होती. बागेला खत हवं म्हणून आम्हीच नोव्हेंबरात टाकीतला गाळ भरपूर काढला होता. कामगार कमी केल्यावर काम साचणारच. गाळ दाट असता तर इतका फेस आलाच नसता. अर्धा दोष केंद्राचा होता.

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. "पावडर कुणाची?"

"साहेब, ती आता बनत नाही."

 मग त्यांनी पेनाचं टोपण काढून सही केली. "गाळ काढायचा नाही. बागेला शेणखत घाला म्हणावं."

शुक्रवारी सकाळी टाकीवर चार बोटं फेस होता. गेला नव्हता, पण तपकिरी झाला होता. आमच्याकडे तो बरा होत असल्याचं लक्षण. मी आणि तात्या पाइपाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलो. खाला आल्या. पदरात खरंच दोन दगड होते. त्यांनी पाणी पडताना पाहिलं. कडेला थोडे बुडबुडे होत, वाहत दहा पावलांवर फुटत होते. त्यांनी दगड काठावर ठेवले आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

"फेस कमी झाला," त्या म्हणाल्या. "पण रोपाचा काय?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, तात्यांकडे होतं. त्यांच्या मेव्हण्याच्या वायंगणात लावणी उरकून रोप उरलं होतं. रविवारी त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच्या मुठी एस.टी.च्या टपावरून आणल्या. खालांच्या चिखलात आम्ही तिघं उतरलो. मी मांडवीची, भात ताटात बघितलेली. खाला मला ओरडत होत्या, "अगो, रोप लावतेस का खिळे ठोकतेस?" तासाभराने बांधावरून हाक आली. कुसुमताई होत्या. त्यांनी साडी वर खोचली, उतरल्या आणि सरळ रांगेत लावू लागल्या. त्यांचं माहेर राजापूरकडचं, हात बसलेला. खालांनी त्यांचा वेग पाहिला आणि मला म्हणाल्या, "हिच्याकडून शीक."

ही कोण, हे मी सांगितलं नाही. कुसुमताईंनी स्वतःच सांगितलं, कंबर सरळ करायला उभ्या राहिल्या तेव्हा. खालांनी ऐकून घेतलं. मग कुसुमताईंचा हात धरून बोटांची सालं बघितली आणि म्हणाल्या, "दिवसाला दोनदा खोबरेल लाव."

माझी नेमणूक वाढली, पुढे कायम झाले. कुसुमताईंचे यजमान वर्षभराने कुबड्या घेऊन टेलिफोनच्या टेबलावर कामाला बसले. पावडर वसाहतीच्या महिला मंडळाच्या नावाने मंडळाच्या खोलीत होऊ लागली. ही तोड साहेबांच्या पत्नींनी काढली होती. साहेबांना सगळं केव्हा कळलं, की पहिल्यापासून ठाऊक होतं, ते मी कधी विचारलं नाही.

डिझेलवरची ती सही मात्र वहीत तशीच होती. पुढे माझ्या हाताखाली जे जे शिकायला आले त्यांना मी ते पान उघडून दाखवायची.

त्या लावणीनंतरच्या चैत्रात मैलापाणी टाकीत चढवणारा आमचा पंप बंद पडला. बेअरिंग गेलं होतं. पऱ्यात धार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात हलिमाखाला चढण चढून दारात उभ्या. धापा टाकत होत्या.

"पाणी कुठं गेला?"

"पंप दुरुस्तीला आहे, खाला."

"दुरुस्ती मग करा. माजा भात पोटरीत हाय. आत्ता पाणी तोडलात तर दाना भरल काय?"

तात्यांनी हातातला चहा तसाच ठेवला. स्टोअरमधला जुना पंप काढून जोडायला दोन तास लागले. तेवढा वेळ खाला केंद्राच्या कट्ट्यावर बसून राहिल्या. मी पाणी दिलं ते प्यायल्या, पोळी दिली ती खाल्ली. पाइपातून पाणी सुटल्याचा आवाज आला तशा उठल्या, काठाशी गेल्या, ओंजळीत पाणी घेऊन नाकाशी नेलं, आणि हात झटकून लगबगीने शेताकडे उतरू लागल्या.